दोन आळ्यांची दवंडी

धम्मपालनं आपल्या आजोबांना उपसरपंच केलं, त्याला आता अकरा महिने झाले होते. आजोबांची हरकत येणार नव्हती, कारण सावळीराम जाऊन पन्नास वर्षं होत आली होती. घरच्यांची हरकत येणार नव्हती, कारण त्याचं लिखाण घरात कोणी वाचतच नव्हतं. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं स्टोअर-क्लार्क म्हणून काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दहाला इतिहासकार व्हायचा आणि एकला जेवायला उठायचा. तेवढ्या वेळात तो फ्रीज उघडून बघत नाही, यातच त्याच्या बायकोला, सविताला संसाराचं सुख सापडलं होतं.

इतिहास होता खाजणगावचा. हे त्यांचं मूळ गाव. समुद्रकाठी, आणि गुजरातच्या हद्दीला इतकं खेटलेलं की एखादी कोंबडी चुकून पलीकडे अंडं घालून यायची. निम्मं गाव मराठी बोलणारं, निम्मं गुजराती. पंचायतीची पाटी दोन लिप्यांत, ठरावांच्या वह्या दोन, प्राथमिक शाळा दोन. भांडण तेवढं एकच होतं आणि ते दोन्ही भाषांत चालायचं. पंचायतीला पंचाहत्तर वर्षं झाली, आता ती नगरपंचायत झाली होती, म्हणून गावानं पुस्तक काढायचं ठरवलं. तेही गावासारखंच. एका बाजूनं उघडलं की मराठी, उलटं धरून दुसऱ्या बाजूनं उघडलं की गुजराती. गुजराती भाग तिथल्या हायस्कूलचा मास्तर मयूर लिहीत होता. मराठी भाग धम्मपालकडे आला, कारण गावातल्या एका सत्काराला तो पाऊण तास बोलला होता आणि काहीतरी काम गळ्यात घातल्याशिवाय तो माइक सोडेना.

उपसरपंचपदाचं श्रेय मात्र एकट्या धम्मपालला देणं अन्यायाचं होईल. त्यात सगळ्या घराण्याचा हातभार होता. वीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा त्याचे वडील सोमनाथ खाजणगाव सोडून इकडे आले. मुलांना ते एवढंच सांगायचे, "तुमचा आजा पंचायतीत होता." कॉलनीतल्या पोरांसमोर धम्मपालनं त्याचा सदस्य केला. धाकट्या भावानं, ललितनं, सोसायटीच्या निवडणुकीच्या पत्रकात 'माजी पदाधिकाऱ्यांचे नातू' असं छापलं. पुढं धम्मपालच्या लेकीची, स्नेहाची सोयरीक जमली तेव्हा व्याह्यांनी विचारलं, "पदाधिकारी म्हणजे नेमकं काय?" आणि दोघं भाऊ एका सुरात म्हणाले, "उपसरपंच." सरपंच म्हणायला जीभ रेटली नाही. घराण्याचा प्रामाणिकपणा काय तो तेवढाच.

त्या रविवारी जेलरोडच्या घरात मिसळीचा बेत होता. पुस्तकाची शेवटची प्रुफं आली होती. संध्याकाळी सहापर्यंत धम्मपालनं होकार कळवला की छापखाना मशीन सुरू करणार होता. ललित जिलेबी घेऊन आला. स्नेहा माहेरी आली होती. आणि खाजणगावहून आक्काबाई आली होती. ही सावळीरामची धाकटी मुलगी, धम्मपालची आत्या, वय वर्षं त्र्याऐंशी. पिशवीत सुके बोंबील घेऊन एसटीनं एकटीच आली होती, आणि त्या वासापायी शेजारचा माणूस त्र्यंबकलाच उतरून गेला, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत होती.

"जायचं व्हतं त्याला नाशकापत्तोर," ती म्हणाली. "पण नाकानं ऐकलं नाय बिचाऱ्याच्या."

मिसळीचे बाउल भरले गेले, तर्रीवरून ललितचं नेहमीप्रमाणे सविताशी वाजलं, आणि पहिला पाव संपायच्या आत धम्मपालनं स्नेहाच्या हातात प्रुफं दिली.

"वाच बेटा. सहावं प्रकरण. आत्याला ऐकू दे."

"पप्पा, खाऊ तरी द्या."

"इतिहास खाताना ऐकला की पचतो," धम्मपाल म्हणाला, आणि स्वतःच हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

स्नेहानं बोटं पुसून वाचायला घेतलं. "सन एकोणीसशे चौपन्न. बंदरावरील पंचायतीच्या विहिरीवर गावाबाहेरच्या वस्तीला पाणी भरण्यास मज्जाव होता. अशा समयी खाजणगावचे लोकप्रिय उपसरपंच श्री. सावळीराम यांनी आपल्या खुर्चीवरून उठून, धीरगंभीर आवाजात, विहीर सर्वांस खुली करावी असा ठराव क्रमांक सतरा मांडला. गुजराती आळीने त्यास सर्वप्रथम संमती दिली..."

"थांब गं," आक्काबाई म्हणाली. तिचा पाव रश्शातच राहिला. "ह्यो कोण?"

"कोण, आजी?"

"ह्यो खुर्चीवरनं उठला तो. त्याचं नाव माझ्या बापाचंच हाय का काय?"

ललितनं जिलेबीचा डबा पुढं केला. "आत्या, घे ना, गरम आहे."

आक्काबाईनं डबा बाजूला सारला आणि प्रुफांचा कागद स्वतःकडे ओढला. वाचायला तिला येत नव्हतं, पण त्या पानावर फोटो होता. पांढरं मुंडासं, मिशा, ताठ मान. तिनं फोटोवर बोट ठेवलं. मग ते बोट फोटोच्या खालच्या कडेवरनं फिरवलं.

"हलगी कुठं गेली?" तिनं विचारलं.

स्नेहानं बापाकडे पाहिलं. अकरा महिन्यांपूर्वी पप्पांनी आपल्याकडून मोबाइलवर तो फोटो कापून घेतला होता, हे तिला आठवलं. मूळ फोटोत पंचायतीची सगळी मंडळी खुर्च्यांवर बसली होती आणि सावळीराम एका कडेला उभा होता. 'खाली काहीतरी काळं काळं आलंय, ते काढ,' असं पप्पा म्हणाले होते.

"आत्या, अगं, तो जुना फोटो..." धम्मपालनं सुरुवात केली.

"माझा बाप खुर्चीत कधी बसला नाय, धम्मा. दवंडी पिटायचा. पंचायतीचा हुकूम घेऊन आधी मराठी आळीत जायचा, मग गुजराती आळीत. दोन्ही भाषा तोंडपाठ. त्याच्यासारखी खणखणीत दवंडी पार उंबरगावापत्तोर कुणाची नव्हती. तू त्याला खुर्चीत घातला, आणि हलगी काढून घेतली व्हय?"

खोट्याच्या कपाळी गोटा, असं सविता सासू असती तर म्हणाली असती. बायको असल्यामुळे तिनं फक्त गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून आक्काबाईच्या शेजारी जाऊन बसली. त्या घरात पक्षांतर कसं होतं हे ललितला माहीत होतं. तो घाईघाईनं म्हणाला,

"आत्या, तुझं बरोबर आहे. पण काळ बदललाय. लोक काय म्हणतील? दवंडीवाल्याचे नातू? आणि आता सहा वाजता छापायला जायचंय. माझ्या पत्रकात पण तेच छापलंय ना!"

"तुझ्या पत्रकाला किती मतं पडली व्हती?"

"अकरा," स्नेहा म्हणाली.

"त्यातलं एक माझं," सविता म्हणाली, "आणि मी तेव्हाच चुकले."

अशा ऐन रंगात फोन वाजला. खाजणगावचा मयूर मास्तर. धम्मपालला सुटल्यासारखं वाटलं, त्यानं मोठ्या आवाजात "बोला मास्तर!" म्हटलं आणि फोन स्पीकरवर टाकला. आपलं महत्त्व आत्याला कळावं एवढाच हेतू होता. हा माणूस जन्मभर स्वतःच्या हातानं स्वतःची अशी सोय करत आला होता.

"काका, एक घोळ झालाय," मयूर म्हणाला. "तुमच्या भागात लिहिलंय की विहिरीला पहिली संमती गुजराती आळीनं दिली. आमच्या भागात आहे की पहिली संमती मराठी आळीची. मी माझ्या आजीकडून ऐकलं, आमच्या आळीत सगळे तेच सांगतात. छापखान्यातला पोरगा हसतोय. म्हणतो, असं पहिलंच गाव बघतोय जिथं दोन्ही बाजू चांगुलपणा दुसऱ्याच्या दारात टाकतात. आणि ठराव क्रमांक सतरा मला गुजराती वहीत सापडला नाही. तुमच्याकडच्या मराठी वहीत असेल ना? तेवढं पान पाठवा. मी दुरुस्त करतो."

धम्मपालच्या मराठी वहीत तो नव्हता. सतरा हा आकडा त्यानं घेतला होता, कारण सोळा आणि अठरा त्याच पानावर होते आणि मध्ये वाळवीनं खाल्लेलं भोक होतं. त्या भोकात त्यानं आजोबांना बसवलं होतं.

"पाठवतो," तो म्हणाला. "अर्ध्या तासात फोन करतो."

फोन ठेवल्यावर खोलीत मिसळीचा वास आणि लोकांच्या नजरा तेवढ्या उरल्या. आक्काबाई मात्र हसायला लागली होती. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, पार ठसका लागेपर्यंत. सवितानं तिला पाणी दिलं.

"सत्तर वर्सं झाली की रं!" ती डोळे पुसत म्हणाली. "अजून त्यांना कळलं नाय!"

"काय कळलं नाही, आत्याबाई?" सवितानं विचारलं.

"ठराव झालाच नव्हता."

आणि मग तिनं सांगितलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. त्या काळी वस्तीतल्या बायकांनी घागर घेऊन बंदरावरच्या विहिरीपाशी लांब उभं राहायचं. कोणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं, नाही आली तर तसंच उभं राहायचं. चैत्रातल्या उन्हात तिची आई अशीच उभी राहून भोवळ येऊन पडली. पंचायतीत विषय दोनदा निघाला आणि दोनदा 'पुढील सभेत विचार करू' म्हणून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी सभा झाली, पंच घरी गेले, आणि सावळीराम हलगी घेऊन निघाला.

"मी त्याच्या मागनं निघाले. आधी मराठी आळीत. ऐका हो ऐका, गुजराती आळीनं मान्य केलंय, पंचायतीची विहीर आजपासून समद्यांना खुली! मराठी आळीतली माणसं ओट्यावर आली. त्या साली राज्य कुणाचं व्हणार, ह्या गावाचं काय व्हणार, त्याचीच बोंब चालली व्हती. मग ती म्हणाली, ते पुढारलेले आणि आपण मागास व्हय? आपण कशाला मागं राहायचं! मग माझा बाप वळून गुजराती आळीत. सांभळो, सांभळो! मराठी आळीए मान्य कर्युं छे, पंचायतनो कूवो आजथी बधाने माटे खुल्लो छे! तिथं बी तेच. शेट लोकं म्हणाली, ते करतात आणि आपण नाय म्हणायचं, शोभंल का? दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं घागर सोडली विहिरीत. कोणी काय बोललं नाय. ह्या आळीला वाटलं त्या आळीनं ठरवलं, त्या आळीला वाटलं ह्या आळीनं."

"आणि सरपंच?" स्नेहानं विचारलं. ती केव्हाच जेवण विसरून आजीच्या पायाशी येऊन बसली होती.

"त्यानं बोलावलं. कुणी सांगितली रं तुला ही दवंडी? माझा बाप म्हणाला, मालक, दोन्ही आळ्या पाणी भरू देतायत, म्हंजे ठराव झालाच असंल. नसंल झाला तर तुम्ही दोन्ही आळ्यांत जाऊन सांगा, मी हलगी वाजवतो." आक्काबाई थांबली. "कोण जाऊन सांगतो? आपण उदार नव्हतो, असं दोन भाषांत? पण सरपंचानं त्याला सोडलं नाय. आठ दिवसांत दवंडीचं काम काढून घेतलं. मग मिठागरावर गेला मजुरीला. पाय खाऊन टाकले मिठानं त्याचे. सोमनाथची शाळा सुटली त्याच साली."

धम्मपाल इतका वेळ प्रुफांच्या कागदाची कड दुमडत बसला होता. आता तो म्हणाला, "बाबांनी मला सांगितलं होतं."

"काय?" ललितनं मान वर केली.

"हलगीचं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, आजा दवंडी पिटायचा, पण कुणाला सांगू नको. तुमच्या पोरांना कोणी त्या नावानं हाक मारायला नको. मी शब्द दिला."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू पत्रकात छापलं असतंस."

ते खरं होतं. पण ललितचा चेहरा खरोखरच पडला. साठीला टेकलेला माणूस, तो हात जिलेबीच्या डब्यावर ठेवून लहान मुलासारखा बसून राहिला. धम्मपालला त्याच्याकडे बघवेना. बापानं एकच गुपित ठेवलं होतं आणि तेही त्यानं भावाला सांगितलं नव्हतं. वर त्या गुपितावर उपसरपंचाची खुर्ची मांडली होती.

"अहो," सविता हळूच म्हणाली, "मामंजींना लाज कशाची होती? हलगीची, की बापापायी शाळा सुटली त्याची?"

"मला काय माहीत?"

"दोन्हीची व्हती," आक्काबाई म्हणाली. "रागच व्हता त्याला. सोळा वर्सांचं पोर ते. म्हणायचा, बापानं गावाला पाणी पाजलं आणि मला मिठात घातलं. तुमच्याशी मात्र खोटं बोलला नाय कधी. पंचायतीत व्हता म्हणाला ना? व्हताच की. बाकीचं तुम्ही दोघांनी केलं."

हे धम्मपालला लागलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, बापानं सुरू केलेली थाप आपण निभावतोय. बापानं थाप मारलीच नव्हती. त्याला अभिमानानं सांगता येत नव्हतं आणि लपवताही येत नव्हतं, म्हणून तो मधलं एक वाक्य बोलला आणि तिथंच थांबला. पुढचं वाक्य विचारायला हवं होतं. धम्मपालनं ते विचारलं नाही. त्यानं ते स्वतःच बनवलं, आणि आता ते दीड हजार प्रतींत छापायला निघालं होतं.

"दादा, एक सांगू?" ललित एकदम म्हणाला. "हे उपसरपंचापेक्षा भारी आहे. उपसरपंच गावोगाव पडलेत. खोटी दवंडी देऊन विहीर उघडणारा एकटाच. आपण हेच घालू."

"पत्रकात?"

"पुस्तकात रे. पत्रकात नंतर."

सगळे हसले, आक्काबाईसुद्धा. तिची सही मिळाल्यासारखा ललितला धीर आला आणि त्यानं जिलेबीचा डबा पुन्हा फिरवला. घर एका बाजूला झालं होतं. दुसऱ्या बाजूला एकटा धम्मपाल.

"मी बाबांना शब्द दिलाय," तो म्हणाला. "तुम्हाला सोपं आहे. त्यांचा हात माझ्या हातात होता. ती शेवटची गोष्ट मागितली त्यांनी माझ्याकडे." त्याचा आवाज मध्येच फुटला आणि त्याची त्याला लाज वाटली. धीरगंभीर आवाज फक्त त्याच्या लिखाणात निघायचा.

आक्काबाई उठली. गुडघे धरून, सविताच्या खांद्याचा आधार घेत, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली.

"सोमनाथ माझा भाऊ व्हता. त्याची लाज मला ठाऊक हाय. पण धम्मा, त्या विहिरीवर आम्ही तिघं गेलो व्हतो पयल्या दिवशी. आई, मी आणि तो. आईच्या हाताला कापरं सुटलं व्हतं, तर घागर त्यानंच वर वढली. त्या दिवशी लाज नव्हती त्याला. मी बघितलाय. आता ते बघितलेली मी एकटी उरले. मी बी गेले, म्हंजे तुझा उपसरपंचच राहायचा."

धम्मपालनं पेन काढलं आणि सहाव्या प्रकरणाच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली. स्टोअरमध्ये बाद माल असाच काटायचे. 'धीरगंभीर' या शब्दावर त्याचं पेन किंचित अडखळलं. आवडता शब्द होता.

"स्नेहा, अख्खा फोटो आहे ना तुझ्याकडे?"

"आहे पप्पा. मी डिलीट नव्हता केला."

"तो पाठव." मग त्यानं मयूरला फोन लावला, पुन्हा स्पीकरवर.

"मास्तर, तो ठराव सापडणार नाही. झालाच नव्हता. आणि माझे आजोबा उपसरपंच नव्हते. पंचायतीचे दवंडीवाले होते. त्यांनी तुमच्या आळीला सांगितलं, मराठी आळीनं मान्य केलंय. आमच्याकडच्यांना सांगितलं, तुम्ही मान्य केलंय. दोन्ही खोटं. मी पण खोटं लिहिलं होतं. माझं मात्र कोणाच्या उपयोगाचं नव्हतं."

पलीकडून मयूर हसल्याचा आवाज आला.

"काका, माझी आजी जन्मभर मराठी आळीचे गोडवे गायची हो! या एका गोष्टीसाठी!" तो थांबला. "लिहून पाठवा. जसं आहे तसं. मी गुजरातीत उतरवतो, दोन्हीकडं एकच जाऊ दे. छापखान्याला उद्यापर्यंत थांबायला सांगतो."

"बरं."

"पण काका, म्हणजे कागदोपत्री ती विहीर अजून खुली झालेलीच नाही?"

"नाही."

"मग करू या की! या महिन्याच्या सभेत ठराव घेऊ. पंचाहत्तर वर्षांच्या निमित्तानं, एकमतानं. पुस्तकाच्या शेवटी छापता येईल. कसं वाटतं?"

धम्मपालला फार सुंदर वाटलं. त्याच्या डोळ्यांसमोर सभागृह उभं राहिलं, त्यात स्वतःचं भाषणही झालं. तो 'वा' म्हणणार, तेवढ्यात आक्काबाईनं त्याच्या हातातला फोन घेतला.

"मास्तर, मी सावळीरामची आक्का बोलते. सभेत नका नेऊ."

"का, आजी?"

"आता समदी भरतात ना पाणी?"

"भरतात की. पंप बसवलाय, नळ आहेत."

"मग भरू द्या. सभेत नेलं तर कुणीतरी हात वर करून नको म्हणंल. माझ्या बापाला ठाऊक व्हतं ते, म्हणून तर तो सभेत थांबला नाय."

आता तसं राहिलं नाही हो आजी, असं मयूर म्हणेल म्हणून सगळे फोनकडे बघत राहिले. बावीस वर्षं तो त्या गावात मास्तर होता. दोन्ही आळ्यांची आणि वस्तीची पोरं त्याच्या हाताखालून गेली होती, आणि कोण कुठल्या बाकावर कोणाशेजारी बसतं हे त्याला रोज दिसत होतं.

"बरं, आजी," तो म्हणाला. "नाही नेत."